सायबर वकिली : पाटीवर लिहिता न येणारं काम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या करिअर पुरवणीत बारावीनंतरच्या वाटा सांगणाऱ्या मालिकेत सायबर कायद्याच्या वकिलीवर लेख आला. शेजारी काळ्या पडद्यावरचे हिरवे आकडे आणि टोपडं ओढून बसलेला तरुण, असं नेहमीचं चित्र. लेख वाईट नव्हता. पण तो वाचून ओळखीतल्या बऱ्याच पालकांनी मला फोन केले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच : मुलाला कॉम्प्युटरची खूप आवड आहे, तर त्याला लॉ करून सायबरमध्ये घालू का? या प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते आहे असं मला वाटतं. मी जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं करत करत या विषयात आले. जमिनीचे दावे, मनाई हुकूम, दरखास्ती हे सगळं अजून चालूच आहे, पण आता टेबलावरची निम्म्याहून जास्त कागदपत्रं फोन, बँक खाती आणि ईमेलशी संबंधित असतात. त्या अनुभवावरून चार गोष्टी लिहिते.

पत्राखाली माझं नाव छापू नये, ही विनंती. कारण भीतीचं नाही, नियमाचं आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला नियम ३६ वकिलाला जाहिरात करू देत नाही. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी आणि आपण अमुक प्रकारच्या कामातले खास जाणकार आहोत असं तिच्यावर लिहिता येत नाही. २००८ साली स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढं देण्याची मुभा मिळाली, तीही ठरवून दिलेल्या नमुन्यात. म्हणजे तुमच्या लेखाने ज्याला 'स्पेशलायझेशन' म्हटलं ते मला माझ्या दारावर रंगवता येत नाही. (नावाआधी 'सायबर लॉ एक्स्पर्ट' लावून रोज रील टाकणाऱ्या तरुण मंडळींना हे कुणीतरी सांगायला हवं. मी सांगून पाहिलं.)

आता मूळ मुद्दा. या कामात संगणक असतो, पण सगळा वेळ जातो तो पुराव्यात. उदाहरण आपल्याच राज्यातलं देते. त्यात हॅकर नाही, व्हायरस नाही. २०१४ ची विधानसभा निवडणूक, जालना मतदारसंघ. विजयी अर्जुन खोतकर आणि पराभूत कैलास गोरंट्याल यांच्यात अंतर होतं २९६ मतांचं. वाद काय? शेवटच्या दिवशी उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात व्हिडिओ चित्रीकरण झालेलं होतं, म्हणजे उत्तर कॅमेऱ्यात होतं. पण कॅमेऱ्यातलं न्यायालयात आणायचं तर जुन्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब प्रमाणे, ज्याच्या ताब्यात ते उपकरण आहे त्याचं प्रमाणपत्र लागतं. ते मागितलं, पुन्हा मागितलं, अधिकाऱ्यांनी दिलं नाही. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या अधिकाऱ्यांच्या साक्षीतून जे बाहेर आलं ते धरून निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं : मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर प्रश्न नाही, पण त्याची प्रत लावायची असेल तर प्रमाणपत्र हवंच. आणि ज्याने ते मिळवण्यासाठी हात टेकेपर्यंत खटपट केली, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्टीची अपेक्षा करत नाही. निवडणूक रद्दच राहिली.

हा निकाल मी प्रत्येक ज्युनिअरला पहिल्या आठवड्यात वाचायला देते. पण त्याच्या आधीचा गोंधळही सांगते. २००५ मध्ये संसदेवरच्या हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की प्रमाणपत्र नसलं तरी इतर मार्गाने पुरावा आणता येईल. २०१४ च्या अन्वर विरुद्ध बशीर या निकालाने ते फिरवलं. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने पुन्हा सैल केलं. २०२० मध्ये पुन्हा घट्ट. मधल्या काळात ज्यांनी नुसत्या सीडी दाखल केल्या होत्या त्या वकिलांनी पुढे किती धावपळ केली ते आमच्या बार रूममध्ये कुणालाही विचारा. पायथनसारखी संगणकाची भाषा शिकलेल्या पोरापेक्षा हे चार निकाल तारखेसह माहीत असलेलं पोर मला जास्त उपयोगी पडतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि ६५ब ची जागा कलम ६३ ने घेतली. आता प्रमाणपत्राचा छापील नमुनाच कायद्याच्या अनुसूचीत आहे. त्याचे दोन भाग. 'अ' भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञाने. दोन्हीत हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची एक ओळ. एसएचए-२५६ पद्धतीने काढली तर ६४ चिन्हांची. फाइलमधला एक स्वल्पविराम हलवला तरी सगळी ओळ बदलते. जप्तीच्या वेळची ओळ आणि कोर्टात उघडतानाची ओळ जुळली, तर मधे कुणी हात लावला नाही. मुद्देमालाच्या पाकिटावरच्या लाखेच्या मोहरेचं काम हा आकडा करतो, असं मी दंडाधिकाऱ्यांसमोर सांगते आणि ते लगेच पटतं.

गंमत अशी की नमुन्यात हॅशच्या पद्धती दिल्यात त्यात एमडी५ आणि एसएचए-१ आहेत. एमडी५ मध्ये दोन वेगळ्या फाइलींची एकच ओळ निघू शकते हे २००४ मध्येच करून दाखवलं गेलं आणि एसएचए-१ चं २०१७ मध्ये. कायदा त्यानंतरचा. त्यामुळे समोरच्या बाजूने एमडी५ चा हॅश दिला असेल तर उलटतपासात विचारायला एक चांगला प्रश्न मिळतो. पण तो विचारण्याआधी आपल्याला उत्तर माहीत हवं, नाहीतर साक्षीदार शांतपणे सांगतो की या प्रकरणात तशी बनावट झाल्याचं तुम्ही दाखवा, आणि मग आपणच 'साहेब, पुढची तारीख' म्हणतो. आणि 'ब' भागावर सही करणारा तज्ज्ञ आणायचा कुठून? मोठ्या शहरात मिळतो. तालुक्याच्या कोर्टात चेकच्या किंवा कौटुंबिक प्रकरणात चॅटचे चार पानी प्रिंट लावायचे, तर त्यासाठी तज्ज्ञ शोधत फिरणारे वकील मी रोज पाहते.

पक्षकार येतात ते स्क्रीनशॉट घेऊन. कुणी दुकानातून रंगीत प्रिंट काढून, त्याला लॅमिनेशन करून आणतात. मूळ फोन कुठे आहे विचारलं की उत्तर येतं, तो एक्स्चेंजमध्ये दिला. किंवा त्रास नको म्हणून चॅट डिलीट केलं. त्यामुळे माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्याला मी कायदा सांगतच नाही. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, आपोआप गायब होणाऱ्या मेसेजची सोय बंद करा, ईमेल फॉरवर्ड न करता जिथे आहे तिथेच ठेवा, एवढंच सांगते. फॉरवर्ड केलेल्या ईमेलमध्ये मूळ हेडर राहत नाही, आणि ते मेल कुठून कुठून फिरून आलं याचा माग त्या हेडरमध्येच असतो. खालून वर वाचायचा असतो तो.

वेळेचंही तसंच. सीसीटीव्हीचं चित्रीकरण काही दिवसांत आपलं आपण पुसलं जातं. कंपन्यांनी लॉग, म्हणजे कुणी कधी कुठून सेवा वापरली याच्या नोंदी, किमान १८० दिवस ठेवावेत असा आदेश सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढला. म्हणजे सहा महिन्यांनी शहाणपण सुचून आलेल्या माणसाला मी काय देऊ शकते? सहानुभूती.

आणि लॉग मिळाला तरी तो वाचता यायला हवा. बऱ्याच परदेशी कंपन्या वेळ देतात ती यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. लॉगमध्ये रात्री आठ वाजून दहा मिनिटं लिहिलं असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट, एक वाजून चाळीस मिनिटं. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळणारा क्रमांक, घरोघरी कायमचा नसतो, तो फिरत असतो. त्यामुळे साडेपाच तासांची गफलत झाली की दार भलत्याच माणसाचं वाजतं. २००७ मध्ये ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर आला तेव्हा पुणे पोलिसांनी आयपी पत्त्यावरून बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला पकडलं. तो ५० दिवस आत होता. मग कळलं की तो पत्ता त्याचा नव्हताच. त्या अभियंत्याला त्या दिवसांत हॅकिंग जाणणारा वकील नको होता. कागदावरची वेळ आणि पत्ता बोट ठेवून तपासणारा हवा होता.

आता जे काम सगळ्यात जास्त येतं त्याबद्दल. लोकांचे पैसे जातात. ऑनलाइन फसवणूक कळवायचा १९३० हा क्रमांक आता सगळ्यांना माहीत आहे, आणि पहिल्या तासाभरात त्यावर फोन केला तर रक्कम वाटेत अडवता येते, हे खरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असंही सांगितलं की ग्राहकाची चूक नसताना आणि बँकेचीही नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा शून्य. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर. हे परिपत्रक छापून नेलं की शाखेतल्या बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे. पण हल्लीच्या फसवणुकीत ओटीपी देणारा, पैसे पाठवणारा ग्राहक स्वतःच असतो. 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय' असं व्हिडिओ कॉलवर सांगून निवृत्त माणसाकडून मुदत ठेवी मोडून घेतात. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. पण पैसे त्यानेच, स्वतःच्या सहीने पाठवले असतात. तिथे ते परिपत्रक फारसं पुढे जात नाही, आणि हे त्या घरच्यांना समोर बसवून सांगावं लागतं. करिअरच्या लेखात याचाही उल्लेख हवा होता.

याची दुसरी बाजू कुणी लिहीत नाही : ज्यांनी काही केलेलं नाही आणि तरी ज्यांचं खातं गोठतं. मंडपाचं सामान भाड्याने देणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. कुणीतरी लग्नाच्या सामानाचे काही हजार रुपये यूपीआयने दिले होते. ते पैसे तीन-चार खात्यांमधून फिरून आलेले, सुरुवात कुठल्या तरी फसवणुकीतून. दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचं पत्र बँकेला आलं आणि यांचं अख्खं खातं बंद. कामगारांचे पगार अडले, घराचा हप्ता परत गेला. बँक म्हणते, सायबर सेलचं पत्र आहे, आमच्या हातात नाही. कोणता सेल? तक्रार क्रमांक काय? तेही नीट सांगत नाहीत. इथे वकिलाने करायचं काम अगदी कारकुनी आहे. बँकेकडून लेखी क्रमांक मिळवणं, त्या ठाण्याचा ईमेल शोधणं, सामान दिल्याचं बिल, चलन, ग्राहकाशी झालेलं बोलणं हे सगळं जोडून पाठवणं, उत्तर आलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १०६ प्रमाणे पोलिसांनी ही जप्ती दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब कळवली होती का ते विचारणं, आणि मग खातं मोकळं करण्याचा अर्ज. अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं आहे की वादातल्या रकमेपुरतंच अडवा, सगळं खातं कशाला? ते निकाल लावले की बहुतेकदा रक्कम बाजूला ठेवून खातं सुरू होतं. या गृहस्थांचंही झालं. यात कुठलीही चित्तथरारकता नाही. त्यांचे कामगार त्या शनिवारी पगार घेऊन गेले.

आता माझी खरी तक्रार, आणि तिचा तुमच्या लेखात चकार शब्द नव्हता. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. त्याची आठवण सगळ्यांना होते ती शिक्षेच्या कलमांसाठी : ओळख चोरली की ६६क, तोतयेगिरी केली की ६६ड, अश्लील मजकूर ६७. पण याच कायद्यात कलम ४३ आणि ४६ आहेत. संगणकाच्या, माहितीच्या गैरवापरामुळे नुकसान झालं तर ५ कोटी रुपयांपर्यंतची भरपाई मागायला दिवाणी न्यायालयात जायचंच नाही, 'निर्णय अधिकाऱ्या'कडे जायचं, आणि केंद्राच्या २००३ च्या आदेशाने प्रत्येक राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव हाच तो अधिकारी. म्हणजे आपला मंत्रालयात बसतो. नियम म्हणतो, शक्यतो चार महिन्यांत अर्ज आणि सहा महिन्यांत सगळं प्रकरण संपवा. आरोपी सापडलाच पाहिजे असं नाही. बँकेने किंवा मोबाईल कंपनीने काळजी घेतली नाही म्हणून बनावट सिम निघालं, एवढं दाखवता आलं तरी पुरतं. २०१२ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात हे व्यासपीठ खरंच चाललं. पुण्यातल्या एका उद्योगाचे पैसे ऑनलाइन लुटले गेले, त्या प्रकरणात बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगणारा आदेश २०१३ मध्ये इथूनच निघाला. देशभरातले सायबर वकील तेव्हाचे मुंबईचे आदेश वाचून आपले अर्ज लिहीत.

आज माझ्याकडे येणाऱ्या दहा माणसांतल्या नऊ जणांनी हा रस्ता ऐकलेलाही नसतो, आणि खेदाने सांगते, वकिलांपैकीही बऱ्याच जणांनी. त्यावरचं अपील जिथे जायचं त्या सायबर अपील न्यायाधिकरणाचं अध्यक्षपद २०११ च्या मध्यापासून रिकामं राहिलं, ते २०१७ मध्ये न्यायाधिकरणच दूरसंचार विवादांच्या टीडीसॅटमध्ये विलीन होईपर्यंत. म्हणजे ज्या काळात लोक मोबाईलवर बँक वापरायला शिकले नेमक्या त्या काळात दाद मागायचं एक दार कडी लावून होतं. आणि पुढेही एक काळजी आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. कंपनीने माहिती सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड, म्हणून मथळे झळकले. पण तो दंड जमा होणार भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपया नाही. आणि याच कायद्याने आयटी कायद्यातलं कलम ४३अ, ज्याखाली निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागता येते, ते काढून टाकायची तरतूद केली आहे. यावर बोलायला, याचिका करायला तरुण वकील हवे आहेत. श्रेया सिंघल अजून वकील झाल्या नव्हत्या तेव्हा त्यांनी ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणाऱ्या कलम ६६अ ला आव्हान दिलं आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द झालं. पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टसाठी पकडलं गेलं होतं ते याच कलमाखाली. तरीही २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कळलं की पोलीस अजून ६६अ खाली गुन्हे नोंदवत होते. ज्युनिअरने फिर्याद हातात आली की आधी कलम जिवंत आहे का ते बघावं, मग तपास निरीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने केलाय का ते बघावं. कलम ७८ ला त्याहून खालचा अधिकारी चालत नाही. या दोन गोष्टींत मी जामीन मिळालेले पाहिले आहेत.

मुलींच्या फोटोंची, व्हिडिओंची प्रकरणं येतात त्याबद्दल थोडंच लिहिते. घाबरलेले नातेवाईक पहिल्या फोननंतर ती क्लिपच मला व्हॉट्सॲपवर पाठवायला निघतात. मी आधी ओरडूनच थांबवते. ती पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर नुसतं जवळ ठेवणंही महागात पडू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये पॉक्सोच्या, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या, संदर्भात स्पष्ट केलं आहे. वकिलाचा फोन त्याला अपवाद नाही. लिंक, खात्याचं नाव, तारीख, वेळ लिहून आणा. बघायची गरज पडली तर तपास अधिकारी बघेल. आणि त्या मुलीला समोर बसवून 'तू पाठवलासच कशाला' हे विचारायचं नाही. ज्याला हा प्रश्न गिळता येत नाही त्याने दुसरा विषय निवडावा.

कंपन्यांचं काम वेगळं. करार, गोपनीयता धोरणं, माहिती फुटली की सर्ट-इनला सहा तासांत कळवणं, नव्या कायद्याप्रमाणे संमतीचे मसुदे. पैसा तिथे आहे, वेळेवर येतो, कोर्टात उभं राहावं लागत नाही. तुमच्या लेखातली पगाराची आकडेवारी बहुधा तिथली असावी. चांगलं काम आहे. पण तेवढ्यालाच सायबर वकिली म्हटलं तर जिल्ह्याच्या कोर्टाबाहेर बाकावर बसलेला माणूस या विषयातून गायबच होतो.

तर पालकांच्या प्रश्नाचं उत्तर. संगणकाची आवड असेल तर हरकत नाही, पण ती अट नाही. तीन वर्षांचा कोर्स असो की पाच, त्यात पुरावा कायदा आणि फौजदारी प्रक्रिया हे दोन विषय मन लावून करा. ऐच्छिक विषय सायबर असेल तर घ्या, पदविका करायची तर पदवीनंतर करा. पण भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर कुणी वकीलपत्र देत नाही. सनद मिळाली, बार परीक्षा झाली की पहिली वर्षं एखाद्या कष्टाळू दिवाणी किंवा फौजदारी वकिलाकडे काढा. कागद कसा लावायचा, निशाणी (पुराव्याच्या कागदावरचा कोर्टाचा क्रमांक) कशी पाडून घ्यायची, साक्षीदाराला कुठे थांबवायचं हे तिथेच कळतं. पैसे कमी मिळतील, कधी मिळणारच नाहीत. हे घरच्यांनी आधीच मनात धरावं. आणि मराठी चांगली हवी. फिर्याद मराठीत, पंचनामा मराठीत, पंच मराठीत साक्ष देणार. फोन विमान मोडवर टाकून जप्त केला की नेटवर्क चालू ठेवूनच, हे त्या पंचाकडून त्याच्या भाषेत काढून घेता आलं पाहिजे. इंग्रजी माध्यमातली हुशार मुलं इथे अडखळतात. त्यांना आयपी लॉग समजतो, 'समक्ष पाहून वाचून दाखविले' हे समजत नाही.

ज्यांना खरंच बघायचंय त्यांनी सुट्टीत जिल्हा न्यायालयात जाऊन बसावं. सुनावणी सहसा खुली असते, मागच्या बाकावर बसायला कुणी अडवत नाही. जामिनाचे अर्ज दुपारच्या आधी चालतात, तेव्हा जावं. अर्ध्या तारखा पुढे ढकलल्या जातील, तेही बघून घ्यावं.

आणि संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. पुरवणीच्या पुढच्या अंकात चौकट टाकायला जागा असेल तर त्यात पगाराचे आकडे न देता कलम ४६ खालचा अर्ज कसा करायचा ते द्या. अर्ज स्वतः करता येतो, वकील लागतोच असं नाही. सोबत बँकेला लिहिलेली पत्रं, १९३० वरच्या तक्रारीची पोच, खातेउतारा आणि कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायचं. अर्जाचा नमुना नियमांतच आहे. मजकूर मराठीत करून हवा असेल तर मी लिहून पाठवते.

आपली,
एक वाचक, व्यवसायाने वकील